कठड्यावरचे दात

जुन्या फर्निचरच्या दुकानात तिला सगळे खोडरबर म्हणत. नाव तिथल्या मिस्त्रींनी ठेवलं होतं, आणि मिस्त्रींनी ठेवलेलं नाव कुणाची पाठ सोडत नसे. मालकाकडे घरोघरचं नकोसं झालेलं सामान यायचं आणि तिचं काम एवढंच, की आधीच्या माणसाच्या खुणा काढायच्या. टेबलावरची कपाची वर्तुळं, खुर्चीच्या हातांवर घामानं चढलेला काळा थर, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं कुणाच्या तरी शाळेचं वेळापत्रक, खणाच्या तळाशी सांडून वाळलेलं औषध. मिस्त्री म्हणायचे, "गिऱ्हाईक पलंग विकत घेतं. त्यात आधी कोण झोपत होतं ते विकत घेत नाही." पंधरा वर्षांत तिचा हात असा बसला होता, की मूळ मालक दुकानात येऊन स्वतःच्याच खुर्चीचा भाव करून गेला होता. ही गोष्ट मिस्त्री दर महिन्याला सांगत आणि दर वेळी खुर्चीची किंमत थोडी वाढवत.

तिच्या स्वतःच्या घरातही सगळं दुसऱ्यांचंच. सोफा नणंदेचा, पुस्तकांची मांडणी खालच्या मजल्यावरच्या शिक्षकांची, जेवणाचं टेबल एक पाय मोडल्यावर मालकांनी दिलेलं. नवं म्हणावं असं भिंतीवर एक कॅलेंडर होतं आणि तेही फुकटच मिळायचं. पण ही बाई कुणाला सुगावा लागू द्यायची नाही. सोफ्याला दुकानातल्या उरल्यासुरल्या कापडाची खोळ, मांडणीला तीन डब्यांच्या तळाशी राहिलेले रंग मिसळून केलेला राखाडी हात, टेबलाचा चौथा पाय कुठल्याशा पाळण्याचा. नवरा डिलिव्हरीची गाडी चालवायचा, घरी आला की म्हणायचा, "आज कशावर बसलो तर रंग लागणार नाही, ते आधी सांग." हातात पैसा नव्हता पण घर नीटनेटकं होतं, आणि तिला त्याचा अभिमान होता. असावाच.

अशा घरात एके दिवशी ताईच्या घरचं सामान आलं.

ताई म्हणजे तिची मोठी बहीण, आणि मोठी बहीण म्हणण्यापेक्षा आईच. आई गेली तेव्हा धाकटी सात वर्षांची होती आणि ताई सतराची. ताईनं टपालखात्यात नोकरी धरली, धाकटीचे केस विंचरले, तापात उशाशी बसली, लग्नही तिनंच लावून दिलं. धाकटीचं माहेर म्हणजे ताई, दुसरं काही नव्हतंच. आणि गेली दोन वर्षं हे माहेर बंद होतं.

दोन वर्षांपूर्वी ताईची मुलगी ठकी तीन दिवसांच्या तापात गेली. आठ वर्षांची होती. ताई त्यानंतर रडताना कुणाला दिसली नाही. कामावर जायची, पत्रं लावायची, घरी यायची. फक्त धाकटीच्या घराची पायरी ती चढली नाही, कारण धाकटीच्या घरात तिची मुलगी भिंगरी होती. भिंगरी ठकीहून चार वर्षांनी लहान, पण तेच कपाळ, तेच कान. बाहेर कुठे गाठ पडली तर ताई दोन्ही हात पिशवीत घालून उभी राहायची आणि भिंगरीच्या डोक्यावरून पलीकडे बघत बोलायची. एकदा भिंगरीनं तिचा हात धरायला स्वतःचा पुढे केला, तर ताईनं पिशवीतून रुमाल काढून तिच्या हातात दिला. पोर घरी येईपर्यंत तो रुमाल धरून होती. धाकटीला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

सामान घेऊन भावोजी आले. एक लहान मुलांचा पलंग, डोक्याच्या बाजूला कठडा असलेला, एक अभ्यासाचं टेबल आणि एक बुटकं कपाट. ते दोघं आता एका खोलीच्या घरात राहायला चालले होते. भावोजी जिन्यातच बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "विकायचं नाही म्हणाली. फक्त तुझ्याकडेच द्यायचं म्हणाली."

"आणखी काय म्हणाली?"

"एवढंच. तिचं हल्ली एवढंच असतं."

धाकटीनं ह्याचा अर्थ लावला. भिंगरीला वापरायला दिलंय, म्हणजे ताईचं मन थोडं सैल होतंय. आज सामान आलं, उद्या ताईही येईल. आणि ती येईल तेव्हा तिला ठकीचा पलंग, ठकीचं टेबल असं समोर दिसलं तर ती दारातूनच परत फिरेल. तेव्हा ते ओळखू येता कामा नये. दृष्टीआड सृष्टी. हे तिनं नवऱ्याला सांगितलं, मिस्त्रींना सांगितलं आणि दोघांनाही पटलं. जे तिनं कुणाला सांगितलं नाही ते असं, की तिला भीती वाटत होती. आपली पोर गेलेल्या पोरीच्या अंथरुणात झोपणार ह्याची. ठकीवर तिचा जीव होता, तरी भीती वाटत होती, आणि त्या भीतीची तिला लाज वाटत होती.

तिनं आठवडाभर सुट्टीच घेतली. आधी कपाट. आत पेन्सिलीनं काढलेली माणसं होती, सगळ्यांना सहा सहा बोटं. ती पॉलिश पेपरनं घासली. टेबलाखालच्या आडव्या दांडीवर टाच घासून घासून एक खळगा पडला होता, तिथलं लाकूड गुळगुळीत आणि काळसर झालेलं. तिनं त्यात लांबी, म्हणजे लाकडाच्या भेगा बुजवायचा लगदा, भरली, सुकू दिली, घासली. खणात खडूचा वास होता. खण धुतला, उन्हात टाकला, आतून कागद लावला. वास गेला. पाऊस पडून गेल्यावर परत यायचा, मग तिनं खणात साबणाची वडी ठेवली.

शेवटी पलंग. कठड्याच्या वरच्या कडेवर मधोमध बारीक बारीक खाचा होत्या. आधी तिला वाटलं वाळवी. मग बोट फिरवलं आणि कळलं की दात आहेत. बाळ कठड्याला धरून उभं राहायला लागतं, तोंड बरोबर तिथे येतं, हिरड्या शिवशिवत असतात आणि लाकूड मऊ असतं. तिच्या समोर ती अकरा महिन्यांची ठकी उभी राहिली, लाळेनं हनुवटी ओली, आणि डोळे चावण्यात गुंतलेले. धाकटी बराच वेळ लांबीचा डबा घेऊन तशीच बसली. एवढं ठेवावं असं तिच्या मनात आलं. पण एवढं ठेवलं तर बाकीचं घासून उपयोग काय? पंधरा वर्षं हाताला जे वळण लागलं होतं त्याच वळणानं हात चालले. तिनं खाचा भरल्या, दुसऱ्या दिवशी घासल्या, प्रायमर दिला, आणि वर दुकानातल्या उरलेल्या डब्यातला फिकट हिरवा. खिडकीला जुन्या चादरीचा पडदा, त्याच कापडाची उशी. तिन्ही वस्तू अशा झाल्या की भावोजी पुन्हा आले तेव्हा त्यांनी विचारलं, "आणि आमचं सामान कुठाय?"

हे ऐकून तिला बरं वाटलं. पुढे आठ दिवस तिला बरं वाटत होतं.

मग भिंगरी टेबलाशी बसून पाय हलवायला लागली. भिंगरीला पाय हलवायची सवय नव्हती. तिची टाच आडव्या दांडीवर घासत होती, आणि जिथे लांबी भरली होती तिथेच घासत होती. धाकटीनं वाकून पाहिलं. पोर बसते तिथून पाय तिथेच पोचणार, त्यात नवल काही नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि खुर्ची थोडी सरकवली. दुसऱ्या दिवशी खुर्ची पुन्हा पहिल्या जागी होती.

गादीचा कापूस तिनं पिंजून नवा भरून घेतला होता. तरी भिंगरी सकाळी उठायची ती भिंतीकडच्या कडेला, अंगाची जुडी करून, बाकीचा अर्धा पलंग रिकामा ठेवून. "मधे का झोपत नाहीस गं?" धाकटीनं विचारलं.

"जागा नसते," भिंगरी म्हणाली.

एका दुपारी शाळेतून आल्यावर तिनं पलंगावर हात ठेवला आणि विचारलं, "आई, मी नसताना हा गरम का असतो?"

खिडकी पश्चिमेची होती, पडदा पातळ होता, ऊन तिथेच यायचं. धाकटीनं पोरीला ते समजावून सांगितलं आणि पडद्याला दुहेरी कापड लावलं. पण घरात कुणी नसताना त्या खोलीत जायचं तिच्या जिवावर यायला लागलं. कपाटाचा रंग तिनं स्वतः दिला होता, दोन हात, एक ठिपका सुटला नव्हता. तरी दार उघडलं की तिची नजर आतल्या कोऱ्या फळीवर जायची आणि ती सहा बोटांची माणसं शोधायची. खुणा होत्या तेव्हा ठकी त्या खुणांपुरती होती. आता ती खोलीभर होती. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "रंगाचा वास डोक्यात गेलाय तुझ्या. खिडकी उघडी ठेव." तो बिचारा दुसरं काय म्हणणार?

मग बुधवारी ताईचा फोन आला. दोन वर्षांत पहिल्यांदा तिचा स्वतःचा.

"रविवारी येते," ताई म्हणाली. "दुपारी. बसणार नाही फार."

धाकटीच्या डोळ्यांत पाणीच आलं. "ये ना. कितीही वेळ बस."

"पलंग कुठे ठेवलायस?"

"आतल्या खोलीत, खिडकीशी."

"बरं." मग ताई म्हणाली, "त्याच्या कठड्यावर तिचे दात आहेत. बघितलेस का तू? मला ते घरात ठेवायची हिंमत होईना आणि टाकायचीही होईना. म्हणून तुझ्याकडे दिलं. म्हटलं, तुझ्याकडे राहील, मला वाटेल तेव्हा येऊन हात लावता येईल. फोटो आहेत गं, पण फोटोत ती त्या फोटो काढणाऱ्याकडे बघते. ते दात तिच्या तोंडचे आहेत. आहेत ना नीट?"

"आहेत," धाकटी म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती भिंतीला टेकून खाली बसली. करायला गेली एक आणि झालं भलतंच. कुणी सांगितलं होतं अर्थ लावायला? एक शब्द विचारला असता तर? पण ह्या दोघी बहिणींच्या घरात विचारायची पद्धतच नव्हती. आई गेली तेव्हाही ताईनं विचारलं नव्हतं, सरळ कंगवा हातात घेतला होता.

गुरुवारी तिनं कठड्याचा रंग पत्र्याच्या पट्टीनं वीतभर खरवडला आणि लांबी टोकरून काढली. खाली काहीच राहिलं नव्हतं. खाचा भरल्यावर तिनं कड सपाट घासली होती, आणि ती नेहमीच चांगली घासायची. उरले होते ते नुसते आकार नसलेले खड्डे. ती तशीच दुकानात गेली आणि मिस्त्रींना सगळं सांगितलं.

मिस्त्रींनी हातातलं काम थांबवलं. नव्या लाकडाला जुनं दाखवायची कला त्यांच्याकडे होती, साखळीनं मार द्यायचा, किल्ल्यांनी ओरखडे काढायचे, मेण चोळायचं. पण ते मान हलवत राहिले. "काढायला मी शिकवलं तुला," ते म्हणाले. "हे घालायला नाही शिकवता येणार. टोच्यानं दात होत नाहीत. दात दातानंच होतात." मग त्यांना आपण काय बोललो ते जाणवलं असावं. ते पटकन म्हणाले, "सांगून टाक बहिणीला. रागावेल आणि विसरेल."

"विसरणारी असती तर दोन वर्षं गेली असती का?" धाकटी म्हणाली.

टोच्यानं तिनं करून पाहिलंच. उंदरानं कुरतडल्यासारखं दिसायला लागलं. ते घासून टाकलं. मग दार लावून, खाली वाकून, तिनं स्वतः चावून पाहिलं. मोठ्या बाईचे रुंद दात, बघूनच ओशाळल्यासारखं झालं. तेही घासलं. शनिवारी दुपारी भिंगरी शाळेतून आली तेव्हा कठड्यावर गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळून ठेवलेलं होतं. ओल्या उष्णतेनं लाकूड मऊ पडतं, हे तिला कामातून ठाऊक होतं.

"इकडे ये," ती म्हणाली. "इथे चाव."

भिंगरीला वाटलं आई थट्टा करतेय. "लाकूड?"

"हो. गंमत म्हणून. जोरात."

पोर गुडघ्यावर बसली आणि कडेला तोंड लावून चावली. एकदा, दोनदा. "कडू आहे," ती म्हणाली आणि थुंकली.

"आणखी थोडं. थोडं बाजूला सरकून."

आता तिच्या हनुवटीवर लाळ आली होती आणि डोळे चावण्यात गुंतले होते. खोलीत दुसरा काही आवाज नव्हता, फक्त लाकडावर दातांचा. धाकटीनं सात की आठ वेळा चावू दिलं आणि मग एकदम तिचे खांदे धरून मागे ओढलं, इतक्या जोरात की पोर दचकली. तिला धड सांगता आलं नाही, की आपण कशाला घाबरलो. नंतर तिनं त्या खाचांत कोऱ्या चहाचं पाणी चोळलं, वर मेण, वर धूळ. काम उत्तम झालं. ते बघताना तिला स्वतःची किळस आली.

रविवारी ताई आली. तीन मजले चढून आल्यावर ती उंबऱ्याबाहेर थोडी थांबली आणि मग आत आली. हात पिशवीत होते. "केवढी झाली," ती भिंगरीच्या पलीकडच्या भिंतीकडे बघून म्हणाली. मग थेट आतल्या खोलीत गेली.

तिथे तिनं हिरवा पलंग पाहिला, हिरवं टेबल, हिरवं कपाट, पडदा. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. अनोळखी घरात चुकून शिरल्यावर माणूस उभं राहतं तशी ती उभी होती. धाकटी म्हणाली, "रंग दिला थोडा. तेवढं मात्र तसंच ठेवलंय," आणि तिला स्वतःचाच आवाज परका वाटला.

ताई पलंगाशी गेली. पिशवी खाली ठेवली. रंग खरवडलेल्या त्या जागेवर तिनं अंगठा ठेवला आणि डोळे मिटले. अंगठा हळूहळू एका टोकाकडून दुसऱ्याकडे गेला. मग परत आला. मग पुन्हा गेला, आणि ह्या खेपेला प्रत्येक खाचेवर थांबत गेला. तिचे ओठ हलत होते. धाकटीला समजलं की ती मोजतेय. खाचा भरताना आपण त्या मोजल्या नव्हत्या, हेही तिला तेव्हाच समजलं.

"एका चाव्याला चार होते," ताई डोळे न उघडता म्हणाली. "वरचे दोन, खालचे दोन. तेवढेच आले होते तिला. हे सहा आहेत." तिनं डोळे उघडले. "कुणाचे आहेत?"

दारात भिंगरी उभी होती. ती म्हणाली, "माझे. आईनं सांगितलं चाव म्हणून."

धाकटी वाट बघत होती, ताई पिशवी उचलेल आणि जाईल, आणि ह्या वेळी कायमची जाईल. तिनं जिन्यातल्या पावलांचा आवाजसुद्धा आधीच ऐकला.

"पोरीला लाकूड चावायला लावलंस?" ताई म्हणाली. आवाज जुना होता, धाकटी सात वर्षांची असतानाचा, चुकल्यावर कान धरणारा. "रंगाचं लाकूड? हिरडीत लाकडाची कूस गेली असेल तर? अक्कल कुठे ठेवलीस?"

"ताई, मला वाटलं..."

"गप्प बस."

ताई पलंगावर बसली. मधली जागा सोडून कडेला बसली, हे धाकटीनं पाहिलं. मग तिनं दोन्ही हात पुढे केले, भिंगरीचं मनगट धरलं आणि तिला आपल्या गुडघ्यांमध्ये ओढून घेतलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. तिचा हात पोरीच्या पाठीवरून मानेवर गेला, केसांत गेला, कानाच्या मागे थांबला, जणू कुठे काय आहे हे त्या हाताला पाठ होतं. धाकटीला ओरडून रडावंसं वाटलं. बहीण परत आली होती. ती तिच्या घरात, तिच्या पोरीला धरून बसली होती.

"आ कर बघू," ताई म्हणाली. "आ कर, ठके."

भिंगरीनं तोंड मिटलेलंच ठेवलं. ती मान वळवून आईकडे बघायला लागली. आपलं नाव ते नाही, तरी तोंड उघडायचं का, एवढंच ती विचारत होती. ताई तिच्याकडे बघत होती, पलीकडच्या भिंतीकडे नाही, तिच्याच तोंडाकडे, आणि ताईच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत न दिसलेलं काहीतरी आलं होतं. खिडकीतून ऊन पलंगावर यायला लागलं होतं.

धाकटीनं मान हलवली. हो.

पोरीनं तोंड उघडलं. ताईनं अंगठ्यानं तिचा खालचा ओठ खाली केला आणि हळू आवाजात मोजायला सुरुवात केली.